अंगावर काढलेलं

"कुठं आहे गाठ?" डॉक्टरांनी विचारलं.

"डाव्या अंगाला," आई म्हणाली. पदर जागचा हलला नाही.

डॉक्टर मराठी होत्या, त्यांना कळलं. मला क्षणभर वाटलं, ती नुसती बाजू सांगते आहे. मग उमजलं, तिनं एका शब्दात दोन्ही सांगून टाकलं होतं.

बाईच्या छातीला आपल्या घरांमधून नावच नाही. 'स्तन' हा शब्द पुस्तकातला नाहीतर रिपोर्टवरचा. उरलेले एकतर शिवीतले, नाहीतर गोठ्यातले. मग सगळा भार पडतो 'अंग' या एका शब्दावर. मूल अंगावर पितं. पुढं त्याचं अंगावरचं तोडतात. पांढरं अंगावरून जातं. आणि दुखणं? तेही अंगावरच काढायचं. आईनं ही गाठ सात महिने अंगावर काढली. मधल्या काळात पुतणीचं लग्न झालं, ज्वारी निघाली, माझ्या मुलीची दहावी झाली. दर वेळी, 'हे एवढं उरकू दे.' शिवाय दुखत नव्हतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. दुखतं तेवढंच खरं, इतकंच आपलं घरगुती वैद्यक.

शेवटी सांगितलं तेही मला नाही, सुनेला. भाकरी थापता थापता, मान वर न करता.

मला आधी राग आला. 'आधी का नाही सांगितलंस?' हे मी परळला टाटात जाईपर्यंत गाडीत तीनदा विचारलं. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही. बरंच झालं, कारण तो प्रश्न नव्हता, मी माझी सुटका करून घेत होतो. त्या सात महिन्यांत मी चार वेळा गावी जाऊन आलो होतो. दर वेळी दारातच विचारलं होतं, 'बरी आहेस ना?' या प्रश्नाला आपल्याकडे 'हो'शिवाय उत्तर देण्याची पद्धत नाही.

याच टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला होता. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत. यंत्र नाही, नुसत्या हातानं. २०२१मध्ये वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांच्या गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या होत्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा माझं लक्ष टक्क्यांवर ठरलं नाही. मला दिसली ती आरोग्यसेविका. तिनं दार लोटून घेतलं असेल, 'काकू, पदर बाजूला घ्या' म्हणाली असेल. आई अडुसष्टची. तिच्या दारात पोलिओवाल्या येऊन गेल्या, जनगणनेवाले आले, मतं मागणारे तर कितीदा आले.

ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, आणि काखेतून दोन नळ्या लावून तिला घरी सोडलं. नळीच्या टोकाला दाबला की चपटा होणारा प्लास्टिकचा डबा असतो. जखमेतलं पाणी त्यात उतरतं. ते रोज मोजायचं, वहीत लिहायचं आणि डबा पुन्हा दाबून बसवायचा. चोवीस तासांतलं पाणी ३० मिलिलिटरच्या खाली उतरलं की नळी काढू, असं आम्हाला सांगितलं होतं. सिस्टर हे सगळं दाखवत होत्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

"दादा, इकडं बघा. घरी मी नसणार."

आईला लाज वाटत होती. मला तिच्याहून जास्त. आईचं अंग मुलाच्या नजरेला पडू नये अशी आपल्या घरांची सगळी मांडणी. त्याच अंगावर तो दीड वर्ष वाढलेला असतो, हे मात्र सगळे मिळून विसरतात. पहिले दोन दिवस बायकोनं केलं. तिसऱ्या दिवशी तिची शाळा सुरू झाली आणि वही माझ्याकडे आली. आईनं डोळे मिटून घेतले. मी फक्त नळीकडे बघत राहिलो. १४० मिली. दुसऱ्या दिवशी ११०. मग ९५. आकडा लिहायचा म्हटलं की हात स्थिर होतो, आणि हात स्थिर झाला की लाजही हळूहळू खाली बसते. आठवडा गेला तशी आईच विचारायला लागली, "आज किती भरलं?" अगदी त्याच सुरात, ज्या सुरात ती डेअरीवरून आलेल्या माझ्या वडिलांना, आप्पांना विचारायची, "किती भरलं? फॅट किती लागलं?"

फोन पुष्कळ यायचे. कुणी गव्हांकुराचा रस सांगे, कुणी पपईची पानं, आणि शेवटी सगळ्यांचं एकच: 'काकू, खंबीर राहा.' एकदा असाच फोन ठेवून ती म्हणाली, "खंबीर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं रे?" मला सांगता आलं नाही. तिच्यासाठी त्याचा एकच अर्थ होता: कण्हायचं नाही, सांगायचं नाही, म्हणजे तेच, अंगावर काढायचं. जिनं सात महिने हे केलं तिला आम्ही पुन्हा तेच करायला सांगत होतो, वर कौतुकानं.

किमोचं पहिलं औषध लालभडक. लघवीला लाल होईल, रक्त नव्हे ते, असं आधीच बजावलेलं असल्यामुळं ती एक घबराट वाचली. तोंडाची चव मात्र गेली. "सगळं कळकल्यासारखं लागतंय," ती म्हणाली. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यातलं ताक ज्यानं चाखलंय त्याला याहून नेमकं वर्णन नको. डॉक्टरांना मी 'धातूसारखी चव' असं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्याची निम्मी चव गेली.

तिसऱ्या आठवड्यात केस यायला लागले, उशीवर, कंगव्यात, आमटीत. भादरून टाकू म्हटलं तर ती भडकली. "आप्पा समोर बसलेत आणि मी डोकं भादरू?" तिच्या आजीच्या काळात डोकं भादरलेली बाई म्हणजे विधवाच. किमोची पुस्तिका मराठीत होती खरी, पण ही भीती त्या पुस्तिकेत कुठं लिहिलेली नव्हती. मी गप्प बसलो. केस गेले ते आपल्या क्रमानं गेले, आणि ती ते एका पिशवीत भरून ठेवत राहिली. "केसांवर फुगे देणारा आला तर या खेपेला फुगा नको म्हणावं, पातेलं दे."

दुसऱ्या किमोनंतर दहाव्या रात्री ताप आला, १०१. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, १००.४च्या वर गेला की वाट न बघता निघायचं, असं फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. रात्रीचे दोन. आई म्हणाली, "गोळी दे, सकाळी बघू." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर आवाज चढवला. "हे अंगावर काढायचं नाही, आई." आप्पांनी न बोलता तिच्या चपला आणून पुढं ठेवल्या. रुग्णालयात तीन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक चाललं.

त्या रात्रीनं मला थोडी गुर्मी चढली, हेही लिहायला हवं. सेवा करणाऱ्याला ती चढते. डाव्या हातात वजन नको, त्या हाताला सुई नको, ब्लडप्रेशरचा पट्टा नको, हे सगळं खरंच सांगितलेलं होतं. काखेतल्या गाठी काढल्यावर तो हात सुजू शकतो. पण मी त्यावर माझं रचत गेलो. चुलीपुढं नको, बाहेर नको, पाहुणे नकोत, उठू नको. एका दुपारी कामावरून लवकर आलो तर ती खाटेवर बसून उजव्या हातानं मेथी निवडत होती, आणि माझी चाहूल लागताच तिनं ताट गोधडीखाली सरकवलं. लहानपणी मी गोट्या सरकवायचो तसं. मी आत गेलो, कपडे बदलले, बाहेर येऊन तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अर्धी इकडं दे."

हाताच्या व्यायामासाठी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची असत. जिथवर बोटं पोचली तिथं ती पेन्सिलनं रेघ मारी. त्याच भिंतीवर माझ्या मुलीच्या उंचीच्या रेघा आहेत. चार महिन्यांत आई दुसरीतल्या नातीपासून सहावीतल्या नातीपर्यंत पोचली.

एक गोष्ट उरली होती. आईची पर्स म्हणजे कप्प्याची चिमुकली थैली, आणि तिची जागा कायम ब्लाउजच्या आत, डावीकडं. आता तिथं काही ठरेना. बायकोनं ब्लाउजला आतून खिसा शिवला, त्यात कापूस भरला. पण कापूस हलका, चालताना वर चढायचा. मला यातलं कुणी काही सांगत नव्हतं. मी आपला ऐकायचो.

उपचार संपले तशी ती गावी निघाली. एसटीत मी शेजारी. कंडक्टर आला. आईनं खिडकीकडं वळून पदराआड हात घातला, डावीकडंच, आणि थैली बाहेर काढली. चिल्लरीनं टच्च फुगलेली, मुठीएवढी. माझं पूर्ण आणि तिचं अर्धं तिकीट सांगून तिनं पाचशेची नोट पुढं केली.

"सुट्टे द्या की मावशी," कंडक्टर थैलीकडं बघत म्हणाला.

"नाहीत," आई म्हणाली, आणि थैली जागेवर ठेवून दिली.