एकच अंक चुकला

न्यूयॉर्क तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. १७१० साली जॉन पीटर झेंगर नावाचा तेरा वर्षांचा पोरगा जर्मनीहून तिथे आला. वडील वाटेतच वारले होते. त्याला ब्रॅडफर्ड या सरकारी मुद्रकाच्या हाताखाली ठेवण्यात आलं. आठ वर्षं त्याने तिथे उमेदवारी केली, खिळे जुळवायला शिकला आणि पुढे स्वतःचा लहानसा छापखाना काढला.

१७३२ मध्ये कॉस्बी नावाचा नवा गव्हर्नर आला. पगाराच्या वादात सरन्यायाधीश मॉरिस यांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं, तर त्याने मॉरिस यांनाच घरी बसवलं. लोक चिडले, पण हे छापणार कोण? शहरात वर्तमानपत्र एकच, ब्रॅडफर्डचं, आणि ते सरकारच्या मुठीत. तेव्हा झेंगर पुढे झाला. नोव्हेंबर १७३३ पासून त्याचं ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’ दर सोमवारी निघू लागलं. लेख बड्या वकिलांचे, तेही निनावी. अंकावर नाव मात्र झेंगरचं.

वर्षभराने चार अंक जाहीरपणे जाळायचा हुकूम सुटला. नगरसभेने त्यात पडायला साफ नकार दिला. अखेर शेरीफने आपल्या गुलामाकडून ते जाळून घेतले. मग झेंगरला पकडलं. जामिनाची रक्कम अशी ठेवली की ती भरणं त्याच्या ऐपतीबाहेरचं.

त्या सोमवारी अंक निघाला नाही. पुढच्या सोमवारी निघाला. झेंगरची बायको ॲना कॅथरिना तुरुंगाच्या दाराशी जायची, दाराच्या भोकातून नवऱ्याशी बोलायची आणि परतून छापखाना चालवायची. जवळजवळ नऊ महिने हे असंच चाललं. लेखकांची नावं झेंगरने फोडली नाहीत.

त्याच्या दोन वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीवरच बोट ठेवलं, तर त्यांची सनद गेली. तेव्हा फिलाडेल्फियाहून अँड्र्यू हॅमिल्टन हे नामांकित वकील त्याच्यासाठी आले. ४ ऑगस्ट १७३५ रोजी खटला उभा राहिला. कायदा असा, की मजकूर खरा असला तरी सरकारची बदनामी ती बदनामीच. अंक छापला की नाही, एवढंच ज्यूरीने सांगायचं. बाकीचं न्यायाधीश बघतील. हॅमिल्टन यांनी छापल्याचं सरळ कबूल केलं आणि मजकूर खोटा असेल तरच तो गुन्हा, हे थेट ज्यूरीपुढे मांडलं. न्यायाधीशांना ते मान्य नव्हतं. पण बारा जण विचार करायला गेले आणि थोड्याच वेळात निकाल घेऊन परतले: निर्दोष! कचेरीत एकच जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी झेंगर सुटला.

त्या निकालाने कायदा लगेच बदलला नाही. पण गव्हर्नरला हवं ते झालं नाही, कारण त्याची गाठ एकट्या झेंगरशी नव्हती. नगरसभेने हात आखडता घेतला, बायकोने यंत्र थांबू दिलं नाही, वकील परगावाहून आला आणि ज्यूरीने मनाला पटलं तेच सांगितलं.

तात्पर्य: खरं सांगणाऱ्याला साथ द्यायची तर प्रत्येकाला तुरुंगात जावं लागत नाही; आपल्या वाट्याचं काम न भिता केलं, तरी तो एकटा पडत नाही.