अवघड आणि बंद

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने रेडिओ स्कॅनर घेतला. हातात मावेल एवढा, सहा-सातशे डॉलरचा. तिथल्या अग्निशमन दलाचं, रुग्णवाहिकांचं, पोलिसांचं बिनतारी बोलणं घरबसल्या ऐकता येतं, तेही कायद्याने, म्हणून मोठ्या हौसेने घेतलेला. आठवड्याभराने त्याचा फोन आला. "मामा, सगळं बंद करून ठेवलंय इथे. पडद्यावर आकडे पळतात, कानावर मात्र धड एक वाक्य येत नाही."

यंत्राचं काय ते बघता येईल, पण 'सगळं बंद करून ठेवलंय' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या भालकी-औरादकडे, बसवकल्याणकडे, तिकडे आळंदच्या बाजूला मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य कायम असतं. शेताचा पहाणी-उतारा कन्नडमध्ये, आजोबांच्या वेळचे कागद उर्दूत, त्याआधीचे मोडीत. १९५६च्या नोव्हेंबरात जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो आणि काही भाग आंध्रात गेला. तेव्हापासून एकाच शिवाराचे कागद तीन लिप्यांत शोधावे लागतात आणि माणूस थकून म्हणतो, सगळं बंद आहे. मला हे कधीच पटलेलं नाही. मोडी शिकलेला माणूस तेच बाड उलगडून भराभर वाचतो. ते बाड अवघड होतं, बंद नव्हतं. अवघड गोष्ट शिकून उघडते. बंद गोष्टीपुढे तुमची हुशारी, चिकाटी, पैसा, काही चालत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की माणूस शिकण्याजोगं सोडून देतो आणि जिथे हक्काने दार ठोठावायचं तिथे गप्प बसतो.

भाच्याच्या स्कॅनरमध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या, म्हणून थोडं खोलात जातो.

बिनतारी बोलणं म्हणजे ठरलेली एक फ्रीक्वेन्सी आणि तिच्यावर आळीपाळीने बोलणारे लोक, एवढं सगळ्यांना माहीत असतं. जुने स्कॅनर अशा दहा-वीस फ्रीक्वेन्स्या एकामागून एक चाचपत आणि जिथे आवाज तिथे थांबत. ट्रंकिंग आलं आणि ही पद्धत मोडीत निघाली. साखर कारखान्याचा गाडीतळ डोळ्यांपुढे आणा. उसाच्या गाड्या शेकडो, वजनकाटे दोन-तीन. प्रत्येक गावाला वेगळा काटा नेमून दिला तर एका काट्यावर रांग आणि दुसरा रिकामा. म्हणून गाड्या एकाच तळावर थांबतात आणि भोंग्यावरून एकजण पुकारत राहतो, अमुक नंबर, दोन नंबरचा काटा. ट्रंकिंगमध्ये हा पुकारणारा म्हणजे कंट्रोल चॅनल. त्याच्यावर माणसाचा आवाज नसतो, संगणकाचे संकेत अखंड वाहत असतात. साध्या रेडिओवर ती एकसारखी घरघर वाटते. जवानाने बटण दाबलं की कंट्रोल चॅनल सांगतो, या गटाचं बोलणं आता या फ्रीक्वेन्सीवर. त्याला उत्तर येईल ते कदाचित दुसऱ्याच फ्रीक्वेन्सीवर. जो एका काट्याशी कान लावून उभा राहील त्याला दहा गावांच्या दहा तुटक गोष्टी ऐकू येणार. जो पुकारणाऱ्याकडे लक्ष देईल तो आपल्या गावाची गाडी शेवटपर्यंत धरून ठेवील.

गटाला नंबर असतो, त्याला टॉकग्रुप म्हणतात. आवाज डिजिटल असतो. अमेरिकेत बहुधा पी-२५ नावाच्या पद्धतीचा, युरोपात आणि आपल्याकडे काही ठिकाणी टेट्रा. दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी टेट्राचं जाळं उभारलं गेलं. हे सारं अवघड आहे, पण एवढ्याने काही बंद होत नाही. योग्य जातीचा स्कॅनर ते सरळ उलगडतो. बंद होतं ते एन्क्रिप्शनने, म्हणजे आवाजाला किल्ली लावल्यावर. मग हजार डॉलरचं यंत्रही मुकंच. डिजिटल म्हणजे बंद नव्हे, ट्रंकिंग म्हणजे बंद नव्हे, किल्ली म्हणजे बंद. नवख्या माणसाने दुकानात पाय टाकण्याआधी आपल्या काउंटीत कोणतं जाळं आहे, पी-२५चा पहिला टप्पा की दुसरा, कोणत्या गटांना किल्ली आहे, एवढं शोधून काढावं. यंत्राची निवड त्यानंतर आपोआप होते. जिथे पोलिसांचे सगळे गट किल्लीबंद आहेत आणि अग्निशमन अजून जुन्याच साध्या पद्धतीवर आहे, तिथे शंभर-सव्वाशे डॉलरचा साधा स्कॅनर पुरतो.

भाच्याला दुकानदाराने सांगितलं होतं, झिप कोड टाका, झालं. यंत्रात साऱ्या देशाची यादी भरलेलीच असते. त्याने झिप कोड टाकला आणि काउंटीतले शेकडो गट एकदम जागे झाले. रस्तादुरुस्ती, शाळेच्या बसगाड्या, नगरपालिकेचा पाणीपुरवठा, सगळेच. यंत्र एका गटावर अर्धं वाक्य ऐकून दुसरीकडे धावत होतं. मी म्हटलं, ते सगळं बंद कर आणि हाताने एक नवी यादी कर. आपल्या सर्वांत जवळचा मनोरा निवड. त्याच्या कंट्रोल चॅनलची फ्रीक्वेन्सी भर. पी-२५मध्ये बाकीच्या फ्रीक्वेन्स्या तो स्वतःच सांगतो. आणि एकच टॉकग्रुप घाल, अग्निशमन दलाला गाडी पाठवण्याच्या हुकमांचा. तिथलं बोलणं साच्यातलं असतं: पत्ता, घटना, गाडीचा नंबर. कान लवकर तयार होतो.

तरी आवाज चिरफाळलेलाच. हे दुखणं नवख्याला हमखास भेटतं. अनेक मनोरे एकच बोलणं एकाच फ्रीक्वेन्सीवर एकाच वेळी सोडतात, आणि दोन मनोऱ्यांकडून येणाऱ्या लहरी किंचित मागेपुढे पोचल्या की यंत्राला अक्षरं जुळवता येत नाहीत. २०१८मध्ये युनिडेन कंपनीचा एसडीएस १०० आला तो मुख्यतः याच दुखण्यावर. भाच्याचा सेट त्याआधीच्या पिढीतला. मी त्याला व्हिडिओ कॉलवर यंत्र घेऊन घरभर फिरायला लावलं. खिडकीपाशी, जिथे संकेताच्या सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या, तिथे नुसतं गुळणी केल्यासारखं ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात फ्रीजच्या आडोशाला दोन कांड्या कमी झाल्या आणि एका बाईचा आवाज स्वच्छ आला: घराचा नंबर, रस्त्याचं नाव, छातीत दुखतंय, वय एकाहत्तर. त्या आडोशाने दुसरा मनोरा अडवला होता, म्हणून पहिला ऐकू आला.

त्यानंतर भाचा रोज काहीबाही सांगू लागला. कोणत्या केंद्राची रुग्णवाहिका कमी पडली की शेजारच्या गावाची येते, रात्री कोण कोणाला हाक मारतं, पुलावर अपघात झाला की पहिला निरोप कोणाला जातो. इतकी वर्षं तिथे राहून त्याला हे माहीत नव्हतं. टॉकग्रुपची यादी म्हणजे त्या काउंटीच्या कारभाराचा नकाशाच असतो, आणि यादी हाताने भरणाऱ्याच्या तो डोक्यात बसतो.

एक दिवस तो म्हणाला, "मामा, दिवाळीला हा सेट भालकीला घेऊन येतो. वर हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूची विमानं फिरतात, त्यांचंही ऐकू." मी ठाम नको म्हटलं. बीदरच्या हवाई तळावरून ती लाल-पांढरी हॉक विमानं सरावाला उठली की आमच्याकडचं प्रत्येक पोर मान वर करून बघतं, आणि वैमानिक एकमेकांशी काय बोलत असतील हा प्रश्न त्याला पडतोच. पण आपला कायदा अमेरिकेसारखा नाही. तिथे १९८६च्या कायद्याने सुरक्षासेवांचं किल्ली नसलेलं बोलणं ऐकायला मोकळीक आहे, मोबाइल फोनचं ऐकायला बंदी. तिथेही हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क राज्यात शिरलं की पोलिसांची फ्रीक्वेन्सी पकडणारा सेट गाडीत ठेवायला परवाना लागतो. सीमेवरच्या माणसाला अशा गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा यांच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आला. सवलत दिलेली साधनं सोडली तर रेडिओ उपकरण जवळ बाळगायलाच परवानगी हवी, आणि दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्या राज्यकर्त्यांना परवान्याचं हे वेड जुनंच. आमच्या घरी रेडिओ होता तेव्हा त्याचाही परवाना होता आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकात तो रद्द झाला. त्याच्याही मागे गेलं तर निजामाचं दख्खन रेडिओ, हैदराबादचं, १९३५चं. त्यावर उर्दूच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि मराठीतही कार्यक्रम होत. स्वतःचं नाणं, स्वतःची रेल्वे असलेलं ते राज्य. पण रयतेपर्यंत आवाज पोचवायचा तर चारही भाषा लागतात हे त्याच्या रेडिओला कळलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ला शरणागतीची घोषणा झाली तीही रेडिओवरूनच. बीदर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत तेव्हा रेडिओ किती असणार? ज्याच्याकडे होता त्याच्या अंगणात गाव जमायचं, असं म्हातारी माणसं सांगायची.

हे सगळं एका स्नेह्यांशी बोलत होतो. ते पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले. मी खरं तर त्यांच्याच बाजूने बोलत होतो, की आपल्याकडे बंदी आहे ते बरंच आहे. ते म्हणाले, "सामान्य माणसाला ऐकून करायचंय काय? चोर ऐकेल. जखमी बाईचं नाव गावभर होईल. दंग्यात अर्धवट ऐकून अफवा उठेल." तिन्ही मुद्दे मला मान्य होते आणि आजही आहेत. ती एकाहत्तर वर्षांची छातीत दुखणारी व्यक्ती माझ्या भाच्याला ऐकू यावी म्हणून आजारी पडली नव्हती. पोलिसांनी आपल्या बोलण्याला खुशाल किल्ली लावावी.

मग ते पुढे म्हणाले, "जे लोकांना कळायला हवं ते आम्ही सांगतोच." इथे माझी गाडी अडली. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमेला पूर आला. पाणी सुटलं उजनीतून, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातून, महाराष्ट्राच्या हुकमाने. शिरलं ते अफजलपूर, जेवर्गीच्या गावांत, कलबुर्गी जिल्ह्यात. धरणाचे दरवाजे किती उघडले, किती क्युसेक सुटले, हा आकडा काही गुपित नव्हे. त्यात ना चोराचा फायदा, ना कोणा बाईची बेअब्रू. पण तो एका राज्याच्या उतरंडीने वर जातो, दुसऱ्या राज्याच्या उतरंडीने खाली येतो. नदीकाठच्या माणसाचा भरवसा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या सोयऱ्याच्या फोनवर. मांजरेचंही तेच, वरून सुटलेलं पाणी भालकी-औरादला येतं. म्हणजे बंद करायचं ते बंद केलं हे ठीक, पण जे उघडं असायलाच हवं ते आम्ही अवघड करून ठेवलंय. शिकण्याने उघडणाऱ्या अवघडाची मी आयुष्यभर बाजू घेतली. परंतु दारात पाणी आलेल्या माणसाला शिकायला वेळ नसतो.

भाच्याच्या स्कॅनरवर एक बटण आहे, हवामानाचं. त्याला प्रोग्रॅमिंग नाही, टॉकग्रुप नाही, किल्ली नाही. १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सात फ्रीक्वेन्स्यांवर तिथलं सरकार चोवीस तास साध्या आवाजात हवामान आणि धोक्याच्या सूचना सांगत असतं, आणि आपल्या काउंटीचा सहा आकडी संकेत भरून ठेवला की फक्त तिथल्या धोक्याला सेट रात्रीसुद्धा ओरडून उठवतो. सहा-सातशे डॉलरच्या यंत्रातलं सर्वांत मोलाचं बटण हेच, आणि हेच बटण स्वस्तातल्या स्वस्त हवामान-रेडिओवरही असतं.

स्नेही म्हणाले, आता मोबाइलवर सरकारी इशारे येतात. येतात. २०२३मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले ती त्याचीच चाचणी होती, आणि ती सोय चांगली आहे. पण पुरात वीज जाते आणि तिच्यामागोमाग मोबाइलचा मनोराही जातो. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा अंदमानात निरोप पोचवले ते योगायोगाने तिथे असलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी, हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या चमूने. आपल्याकडे बारा वर्षांवरच्या कोणालाही परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. बीदरच्या ज्या पोराला ऐकण्याची खाज आहे त्याने हाच रस्ता धरावा. यात नुसतं ऐकणं नाही, बोलणंही आहे, आणि बंद काहीच नाही.

तेव्हा बंदी बरी म्हणत मी बोलायला बसलो होतो, आणि उठलो ते वेगळंच मागत. स्कॅनर नकोत, पोलिसांचं बोलणं नको. उजनी, वीर, सोन्नचा बंधारा, धनेगावचं मांजरा धरण, कारंजा, यांचे दरवाजे हलले की तो आकडा त्याच क्षणी उघड्या लहरीवर यावा, दोन्ही राज्यांच्या परवानगीची वाट न बघता, शे-दोनशे रुपयांच्या रेडिओवर ऐकू येईल असा. कलबुर्गीचं आकाशवाणी केंद्र १९६६पासून आहे, सोलापूरचंही आहे. पावसाळ्याचे चार महिने दर तासाला दोन मिनिटं, कन्नडमध्ये, मराठीत आणि उर्दूत: धरणाचं नाव, किती क्युसेक, आणि पाणी कोणत्या गावाला किती वाजता पोचेल.