किंमत नसलेलं कार्ड

फ्रान्समधल्या जुन्या वळणाच्या काही महागड्या रेस्तराँमध्ये एकाच टेबलावर दोन तऱ्हेची मेन्यूकार्डं येत. पदार्थ तेच, अक्षरं तीच. यजमानाच्या कार्डावर किमती असत, पाहुण्याच्या कार्डावर नसत. पाहुणा म्हणजे बहुतेक वेळा बाईच. प्रथा आता विरळ झाली आहे, पण पुरती संपलेली नाही.

यात वावगं काय? भेटवस्तूवरचं किमतीचं लेबल आपणही खरवडून काढतोच की. पण भेट घेणारा निवड करत नाही. इथे पाहुण्याने निवडायचं असतं, आणि तेही दुसऱ्याच्या खिशातून. निवड तुमची, पण तिचा भार किती ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. याला मोकळीक म्हणावं का, हा माझा प्रश्न आहे.

लियोंमध्ये एका वयस्क स्नेही बाईंनी मला जेवायला बोलावलं. टेबल त्यांच्या नावाने राखलेलं, त्यामुळे बिनकिमतीचं कार्ड माझ्या हाती आलं. आरामात निवडावं, तर मी अंदाज बांधत बसलो. टर्बो मासा महाग असणार, तो नको. ट्रफल ज्या ओळीत दिसेल ती ओळ सोडायची. शेवटी क्नेल मागवलं, म्हणजे पाइक माशाचे मऊ, लांबट गोळे. नाव गरीब वाटलं म्हणून. (चव मात्र गरीब नव्हती.) किंमत दिसत नव्हती, म्हणून मी सबंध वेळ किमतीचाच हिशेब करत होतो.

गंमत अशी की रेस्तराँ ही संस्थाच उघड्या किमतीवर उभी राहिली. ‘रेस्तराँ’ हे आधी ताकद भरून आणणाऱ्या कढणाचं नाव होतं. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये परक्या माणसाला ‘ताब्ल दोत’वर, म्हणजे ठरल्या वेळी, सगळ्यांबरोबर, पुढ्यात येईल ते जेवावं लागे. 1760 नंतर रेस्तराँ आली आणि वेगळं टेबल, पदार्थांची यादी, ज्याची त्याची किंमत हे सारं हळूहळू रूढ झालं. कुणाच्या मेहेरबानीशिवाय जेवता येऊ लागलं. आपल्या पंगतीत किंमत नसे, पण कोण कुठे बसणार ते जन्माने ठरे. अर्थात किमतीने सगळं सुटतं असंही नाही. आपल्याकडे पैसे मोजूनही काहींना कपबशी वेगळीच मिळे.

1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका फ्रेंच रेस्तराँत एक बाई आपल्या व्यवसायातल्या भागीदाराला जेवू घालायला घेऊन गेली. किमतींचं कार्ड त्याला मिळालं, तिला नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि रेस्तराँने प्रथा बदलल्यावर दावा मागे घेतला गेला. 2019 मध्ये पेरूत लिमाच्या एका रेस्तराँला याच कारणासाठी दंड झाला. दोन्हीकडे मुद्दा स्त्री-पुरुष भेदाचा होता, आणि तो रास्तच होता. पण सगळ्या पाहुण्यांना, बाईपुरुष न बघता, कोरं कार्ड दिलं तरी माझी अडचण उरतेच.

एक आक्षेप मला वजनदार वाटतो. ज्यांच्या मिळकतीत फार अंतर आहे असे दोन मित्र एका टेबलावर बसायचे, तर किमती झाकलेल्याच बऱ्या. नाहीतर गरीब मित्र सूपावरच थांबेल. खरं आहे. पण त्यावर आपल्या घरांत जुना उपाय आहे, आग्रहाचा. वाढणारी “अजून एक घ्या” म्हणते तेव्हा डब्यात अजून पोळ्या आहेत, हेही ती सांगत असते.