कौतुक कशाचं?

अमेरिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करतात आणि मग प्रवेशाच्या पत्राची वाट बघत बसतात. मिशिगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच काही अर्जदारांना त्या दिवसांतल्या मनःस्थितीच्या नोंदी करायला सांगितल्या. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ‘अभ्यासात पुढे आहे म्हणून मी कुणीतरी आहे’ असं मानणाऱ्यांची स्वतःच्या नजरेतली किंमत नकाराच्या दिवशी इतरांपेक्षा जास्त घसरली. होकाराच्या दिवशी ती इतरांपेक्षा जास्त चढलीही.

म्हणजे झोका दोन्ही बाजूंनी मोठा.

आत्मसन्मान वाढवा, असा सल्ला उठसूट दिला जातो. पण मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्निस यांनी १९८९ साली सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. आत्मसन्मान उंच पण डळमळीत असलेली माणसं राग आणि वैरभाव यांत सगळ्यांच्या पुढे होती. उंच आणि स्थिर असलेली सर्वांत शांत. सकाळी साहेबांनी पाठ थोपटली म्हणून खुशीत असलेला आणि दुपारी सहकाऱ्याने हिशेबातली चूक दाखवताच फाइल आपटणारा माणूस प्रत्येक कचेरीत असतो. त्याला गर्विष्ठ म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर त्याचं स्वतःबद्दलचं मत दिवसातून चार वेळा पणाला लागत असतं.

या डळमळीतपणात स्वभावाचा वाटा असतोच. काहींचं मन जात्याच लवकर ढवळतं. त्यात आनुवंशिकताही आली. आणि द्विध्रुवी विकारातले चढउतार हा आजार आहे, तिथे उपदेश नको, मनोविकारतज्ज्ञ हवा.

उरलेल्यांसाठी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते की गुण कृतीला द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत. उत्तर चुकलं, एवढंच खरं. ‘मी वाया गेलो’ हा त्यावर चढवलेला मजला.

हा मजला मूल एकटं चढवत नाही. नव्वद टक्के पडले की पेढे, नातेवाइकांना फोन, ‘आमची हुशार पोर’. पंचावन्न पडले की जेवणाच्या ताटावरही शांतता. चित्र काढणारी, आजीला औषध आठवणीने देणारी तीच मुलगी त्या दिवशी कुणाच्या हिशेबातच नसते. मग गुणपत्रिका दप्तरात दडवणाऱ्या मुलीला ‘फार हळवी आहे’ म्हणण्याआधी, घरात तिचं आजवर कौतुक कशाकशासाठी झालं, याची उजळणी मोठ्यांनीच करायला हवी.