परतवता न येणारे अस्त्र

महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा गवताची काडी उचलतो, ती अभिमंत्रित करतो आणि पांडवांवर सोडतो. अर्जुनही प्रत्युत्तराचे अस्त्र सोडतो. व्यास-नारद मध्ये पडल्यावर अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाते. दोघांचा गुरू एकच, अश्वत्थाम्याचा बाप द्रोण. पण पोराने हट्ट धरला म्हणून द्रोणाने नाखुशीने विद्या दिली आणि माणसांवर वापरू नकोस एवढे बजावले. संगणकात घुसण्याची हत्यारे बनवायला शिकणाऱ्या आजच्या मुलांबाबत मला हाच प्रसंग आठवतो. ही विद्या शिकण्यात अधर्म नाही. ती नुसत्या तंबीवर देण्यात आहे.

तंबीच्या पलीकडे गोपनीयतेची भिंतही पुरत नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने विंडोजमधल्या एका भगदाडासाठी ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार बनवून गुपचूप जवळ ठेवले होते. ते बाहेर फुटले आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले. २७ जूनला त्याच्याही जोरावर ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम पसरला. रोख युक्रेनवर होता, पण न्हावा-शेवा बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. त्या कंटेनरवाल्यांचे कोणाशी काय वैर होते? हत्यार निर्दोष, दोष हाताचा, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, कारण स्वतःच्या नकला काढत सुटलेल्या हत्याराला हातच उरत नाही.

मग शिकवूच नये, असे कोणी म्हणेल. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून संगणकात घुसलेल्या चोरांनी ९४ कोटींहून अधिक रक्कम पळवली. चोराच्या आधी स्वतःच्या माणसाने भिंत ठोकून पाहायची, तर त्याला घाव घालता यायलाच हवा. सांगली जिल्ह्यातल्या पलूसच्या पतसंस्थेलाही हे लागू आहे. कायदा मालकाची परवानगी मागतो, आणि नवशिक्याने ती लेखीच घ्यावी. पण पलूस तालुक्यात एवढ्यावर भागत नाही. ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचे कुंडल इथलेच. जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीला पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली, ती कोणाच्या परवानगीने? आक्षेप खरा आहे, आणि परवानगी म्हणजेच धर्म असे मीही म्हणत नाही. मात्र ठरवलेली एक गाडी अडवली गेली, काम झाल्यावर हत्यारे माणसांच्याच हाती राहिली, आणि पकडले गेल्यास काय भोगावे लागेल हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. पडद्याआडून कोड सोडणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

म्हणून आवरण्याची विद्या हत्यारातच घालायला शिकवावी. ठरलेल्या यंत्रांची यादी त्याच्या पोटात असावी, यादीबाहेर त्याने पाऊल टाकू नये, मुदत संपली की आपोआप निकामी व्हावे, केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद मागे ठेवावी, आणि स्वतःची नक्कल काढण्याची सोय त्यात मुळीच नसावी. कसबी माणूस ही बंधने काढून टाकेल, हे मान्य. पण त्याला ती बसून, जाणूनबुजून काढावी लागतील. मग चुकून झाले म्हणायची सोय त्याला राहणार नाही. आणि परीक्षेत गुण द्यायचे तर घुसल्याचे निम्मेच द्यावेत, उरलेले निम्मे, सगळे जसे होते तसे ठेवून बाहेर पडल्याचे.