वाचवायचे कुठे, द्यायचे कुठे

कार्ले, ता. मावळ

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. पुढेमागे पाठीवर सॅक टाकून पेरू-बोलिव्हिया फिरायचं, त्यासाठी आत्तापासून पैसे बाजूला टाकायचे, आणि त्याआधी तिघी मैत्रिणींनी डिसेंबरात इकडे येऊन चार-सहा दिवस कमी पैशांत मावळ पालथा घालायचा, हा बेत मला फार आवडला. तुझ्या आईशी फोनवर बोललोय, तिची काळजी बरीचशी मिटली आहे.

तू विचारलंयस, 'मामा, सगळ्यात स्वस्त कसं पडेल?' सांगतो. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. पैसे वाचवायचे ते गाडीचे, हॉटेलचे आणि घाईचे. आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईचे पैसे वाचवायचे नाहीत. स्वस्तात फिरणारी बरीच मुलं नेमकं उलटं करतात. पुण्याहून स्पेशल गाडी करतात आणि गडावर आल्यावर पिठलं-भाकरीच्या ताटासाठी घासाघीस करतात. ती भाकरी थापणाऱ्या बाईने पाणी कुठून वाहून आणलंय, सरपण कुठून आणलंय, याचा विचार त्यांच्या मनात येत नाही. तुम्ही तसं करू नका.

आता रस्ता. पुण्यात उतरलात की लोणावळ्याची लोकल धरा, पण लोणावळ्यापर्यंत जाऊ नका. त्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली, तिथे उतरा. दुपारी लोकल विरळ होतात, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा आणि सकाळचीच गाडी पकडा. मळवलीला उतरलं की अर्धं मावळ पायाच्या टप्प्यात येतं. उत्तरेला इंद्रायणी ओलांडून जुन्या हायवेपलीकडे कार्ले आणि वेहेरगाव, दक्षिणेला द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून भाजे, त्याच्या डोक्यावर लोहगड आणि विसापूर. लोणावळ्यात उतरून टॅक्सी केलीत तर परभणीहून येताना वाचवलेले पैसे तिथल्या तिथे संपतील. चालायचं नसेल तेव्हा शेअर रिक्षा. बसण्याआधी भाडं विचारायचं, शेजारची बाई किती देते ते बघायचं, तेवढंच द्यायचं.

शनिवार-रविवार टाळा. कमी खर्चाच्या प्रवासात ही सगळ्यात मोठी बचत. सुटीच्या दिवशी इथे खोलीचे दर चढतात, रिक्षा मिळत नाही आणि एकवीरेच्या देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी या, शुक्रवारी संध्याकाळी निघा.

लेण्यांची वेळ मात्र नीट साधायची, हे मी आग्रहाने सांगतोय. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी गेलात तर आत अंधार. दुपारी तीन-साडेतीनला पोचलात तर मोठ्या कमानीतून ऊन आत शिरतं आणि खांबांच्या माथ्यावरची हत्तींवर बसलेली जोडपी उजळून निघतात. मावळातलंच बेडशाचं लेणं पूर्वाभिमुख आहे, तिथे सकाळच्याच उन्हात जायचं. एवढं लक्षात ठेवलंत की त्याच तिकिटात दुप्पट पाहणं होतं. तिकीटही फार नाही. तुमच्या बरोबर कुणाचा धाकटा भाऊ येणार असेल आणि तो पंधरा वर्षांखालचा असेल, तर त्याला तेही लागणार नाही.

कार्ल्याच्या लेण्यात आत गेल्यावर घाई करू नका. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सगळ्यात मोठं. छताला लागलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, सागवानाच्या. मग खांबांवरची ब्राह्मी अक्षरं शोधा. एवढं काम एका राजाने पैसे ओतून केलेलं नाही, हे त्यातून कळतं. कुणी एक खांब दिला, कुणी दाराचा भाग. देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सिंहदत्त नावाचा गंधी आहे, सुतारही आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे. हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असं त्याने अभिमानाने कोरून ठेवलंय. कोकणातल्या बंदरांतून बोरघाटाने वर येणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर ही लेणी आहेत. त्या वाटेने आलेल्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे इथे काहीतरी ठेवलं. पाठीवर ओझं घेऊन येणाऱ्या माणसाने याच डोंगरात काय द्यावं, याचा विचार तिथे उभं राहून करण्यासारखा आहे.

लेण्यासमोरच एकवीरा आईचं देऊळ. कोळी आणि आगरी मंडळी मुंबई-रायगडकडून येतात, चैत्रात आणि नवरात्रात डोंगर माणसांनी भरून जातो. डिसेंबरात एवढी गर्दी नसेल. दर्शन घ्या, आणि उतरताना पायऱ्यांवरच्या आजीबाईंकडून काकडी किंवा बोरं घ्या. भाव करू नका.

राहायला माझं घर आहेच. पण सगळे दिवस माझ्याकडे राहू नका. पहिल्या दोन रात्री इथे झोपा, मग एक रात्र लोहगडवाडीत आणि शेवटची राजमाचीला. दोन्हीकडे गावातली घरं राहायला आणि जेवायला ठेवतात. आदल्या दिवशी फोन करून किती जणी, काय खाणार ते सांगायचं. ऐनवेळी रात्री नऊला दार वाजवून 'काहीतरी करा ना' म्हणायचं नाही, त्या घरातली बाई तेव्हा चूल विझवून झोपलेली असते. घरातल्या माणसांसमोर बसून जेवा, गप्पा मारा, ताट स्वतः घासा.

लोहगडाला भाज्यातून चालत जा. भाज्याची लेणी वाटेतच आहेत, ती कार्ल्याहूनही जुनी, इसवीसनापूर्वीची. चैत्यगृहाच्या दक्षिणेला दगडी स्तूपांचा एक घोळका आहे आणि त्याच्या पुढच्या विहारात रथावर बसलेला सूर्य कोरलाय. बरेच जण चैत्यगृह पाहूनच परततात. मग गायमुख खिंड, तिथून उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, लोहगड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हा आहे. त्यामुळे गर्दी वाढणार. विसापूर उंचीने आणि पसाऱ्याने मोठा, पण त्याच्या वाटा फसव्या. तिथे गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्या. हा खर्च वाचवण्याचा नाही.

लोहगडाच्या विंचूकाट्यावर, त्या निमुळत्या सोंडेवर, उभ्या राहिलात की खाली पवना धरणाचं पाणी दिसेल. काठावर तंबूंच्या रांगा दिसतील, शेकोटी आणि गाण्यांसकट रात्रीचा दर लावलेल्या. तुम्हाला तिथे जायची ओढ वाटेल, वयच तसं आहे. पण त्या पाण्याखाली इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. त्याच धरणाचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे शेतकरी गेले. मावळात अजून ती तारीख कुणी विसरलेलं नाही. तळ्याचा फोटो काढाल तेव्हा एवढं ठाऊक असू दे.

येण्याआधी गो. नी. दांडेकरांची दोन पुस्तकं वाचून या, 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा'. पहिलं पवन मावळातलं, दुसरं राजमाचीवरचं. ग्रंथालयातून आणा, विकत घ्यायला नको. दांडेकर इथेच, तळेगाव दाभाड्याला राहायचे. तेराव्या वर्षी घर सोडून निघाले, गाडगे महाराजांबरोबर हिंडले, नर्मदेची परिक्रमा पायी केली. पैशांवाचून कसं फिरायचं, हे त्यांच्याइतकं कुणी जगलेलं मला माहीत नाही.

राजमाचीची वाट लोणावळ्याहून तुंगार्लीवरून जाते, पंधरा-सोळा किलोमीटर, फारसा चढ नाही पण पाय दुखतात. गावाचं नाव उधेवाडी. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी सकाळी करा. तिथून कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरून कर्जतची गाडी धरता येते, म्हणजे आलेल्या वाटेने परतायला नको. उतार तीव्र आहे. गुडघे दुखरे असतील तर माघारी लोणावळा.

सॅक हलकी ठेव. दोन जोड कपडे, एक उबदार, चांगला टॉर्च, प्रत्येकी निदान दोन लिटर पाणी. गडावरच्या टाक्यांतलं पाणी गाळून, उकळूनच प्यायचं. सुटे पैसे भरपूर आणा, कारण डोंगरात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि मग मोबाइलवरून पैसेही जात नाहीत. अंधारात चालायचं नाही. तिघींपैकी एकीलाही एखादी जागा नकोशी वाटली, तर वाद न घालता तिथून निघायचं. पावसाळ्यात कधी आलात तर धबधब्यात आणि वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाशेजारी एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. पाणी चढायला मिनिटं लागतात.

पेरूचंही एक सांगतो. माचू पिचूची गाडी महाग, म्हणून सॅक घेतलेली मुलं कुस्कोहून व्हॅनने जलविद्युत केंद्रापर्यंत जातात आणि पुढे रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत पायथ्याचं गाव गाठतात. तू ते करशीलच. पण त्या नादात इथल्या बोरघाटात रुळांवरून चालायचं नाही, तिथे बोगदे आहेत आणि गाड्या सारख्या असतात. बाकी रीत तीच. तिथल्या बाजारात दुपारी सूप आणि एक ताट स्वस्तात मिळतं, गावातली माणसं जेवतात तिथेच बसायचं. कुस्को चौतीसशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं बसून राहायचं. ते दोन दिवस फुकट गेले असं वाटून घेऊ नकोस.

कोणत्या लोकलने येताय ते आदल्या दिवशी कळव. मामी विचारतेय, तिघींपैकी कुणी उपवासाची आहे का, आणि इंद्रायणी तांदळाचा भात चालेल ना. आईला सांग, रोज संध्याकाळी फोन येईल.

तुझा,
मामा