नाकाबंदी दिसताच गाडी का वळते?



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपण दरवर्षी प्रभू येशूला झालेल्या मोहाचा प्रसंग ऐकतो. चाळीस दिवसांचा उपवास झालेला आहे आणि सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उभे करतो. तिथून खाली उडी टाक, देवदूत तुला वरच्यावर झेलतील, असे तो सांगतो. पुरावा म्हणून तो चक्क स्तोत्रातील शब्द पुढे करतो. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, एवढेच उत्तर देऊन तो त्याला गप्प करतो.

हा प्रसंग वाचला की आम्हाला आपल्या चर्चच्या आवारात रविवारी उभ्या राहणाऱ्या मोटारसायकली आठवतात. जवळजवळ प्रत्येक हँडलला रोजरी गुंडाळलेली असते. कुठे पवित्र मरियेचे पदक, कुठे टाकीवर क्रूस, कुठे मागच्या बाजूला येशूच्या नावाचा स्टिकर. हे पाहून आनंदच होतो. परंतु त्याच गाडीला एक आरसा नसतो, सायलेन्सर बदललेला असतो, नंबर प्लेट वाकवून वर वळवलेली असते आणि हेल्मेट घरी कपाटावर धूळ खात असते. मिस्सा संपली की त्या एका गाडीवर तिघे बसतात आणि गाडी फटाके फोडत निघते. रोजरी हँडलवर हेलकावत असते. मंदिराच्या शिखरावर सैतानाने जे सुचवले, ते आपली मुले दर रविवारी करून दाखवतात. फरक इतकाच की सैतानाला त्यासाठी काही बोलावे लागत नाही.

पुढे चौकात नाकाबंदी असते. खाकी वर्दी दिसली की पुढच्याचा हात एक्सलेटरवर पिळतो. गाडी गर्रकन वळते, उलट्या बाजूने सुटते, गल्लीत घुसते. मागे बसलेले दोघे हसत असतात. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याची गोष्ट होते, ‘मामाला कसा चकवला’ म्हणून. यात कोणाला पाप दिसत नाही, पालकांनाही नाही. पाचशे रुपये वाचले, एवढाच हिशेब.

थोडा पुढचा हिशेब मांडू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. समोर काही आले हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच हा सेकंद संपलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि पळणाऱ्याचे डोळे पुढे नसतात. तो आरशात पाहत असतो, आरसा नसेल तर मान वळवून मागे पाहत असतो. मागे पोलीस असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो जागेवरच उभा राहून मोबाइलवर नंबरचा फोटो काढतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. चलान मोबाइलवर येतेच. म्हणजे मुलगा ज्याच्यापासून पळतो तो मागे नाही, आणि ज्याच्यावर जाऊन आदळणार आहे तो समोर आहे. संध्याकाळी शेतातून परतणारी बैलगाडी, मागे लाल दिवा नसलेली कापसाची ट्रॉली, रस्त्याच्या कडेने पाण्याची कळशी घेऊन जाणारी एखादी बाई. आपल्या जिल्ह्यातले रस्ते कोणाला सांगायला नकोत. राजूर घाटाची वळणे, खामगावकडे जाताना बोथ्याचे जंगल, मलकापूर-नांदुरा पट्ट्यात ट्रकांची रांग. तिथे हुशारी चालत नाही.

आपला जिल्हा मोठ्या अपघातांनी देशाला ठाऊक झाला आहे, हे दुःखाने म्हणावे लागते. 20 ऑगस्ट 2021 रोजी सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीडजवळ टिप्पर उलटून 13 मजूर गेले. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर त्याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर खाजगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी होरपळून मेले. तेव्हा आपण सर्वांनी मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना केल्या. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे आपल्या मुलांना वाटते की मरण तिकडे, मोठ्या रस्त्यावर आहे. पण दुचाकीवरचे मरण एकेकटे येते. त्याला वर्तमानपत्रात चार ओळी मिळतात. सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 साली आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली. त्यांतील 74,897 दुचाकीवर होती. हेल्मेट नव्हते म्हणून गेलेले 50,029. आणि या शेवटच्या आकड्यातील 14,337 गाडी चालवत नव्हते, ते मागे बसले होते. बहिणी, बायका, मित्र. त्यांनी एक्सलेटर पिळला नव्हता.

रस्त्यावर थांबवणारा माणूस हा शत्रू आहे असे एकदा मनात ठसले की गोष्ट कुठवर जाते, ते मुंबईत घडले आहे. 23 ऑगस्ट 2016 रोजी खार येथे पेट्रोल पंपापाशी वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतले. भावाने येऊन बांबूने त्यांच्या डोक्यात मारले. आठ दिवस मृत्यूशी झुंज देऊन 31 ऑगस्टला शिंदे गेले. वाई तालुक्यातील त्यांच्या गावी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. एका हेल्मेटपायी एक घर उघडे पडले, आणि दुसऱ्या घरातल्या दोन भावांचे आयुष्यही तिथेच नासले. त्या मोठ्या भावाला आपण धावून आलो, घरच्याला वाचवले, असेच त्या क्षणी वाटले असेल. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. मुलगा चुकतो तेव्हा त्याच्या बाजूने धावून जाणारी माणसेच पुष्कळदा त्याचा घात करतात.

इथे आम्हाला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी धर्मग्रामातील एक माउली रडत बंगल्यावर आली. “फादर, पोट्ट्याची गाडी धरली पोलिसाईनं. तुमी एक फोन करा.” मुलगा सतरा वर्षांचा. लायसन नाही, तिघे गाडीवर, थांबवले तर पळाला आणि पुढच्या चौकात सापडला. आम्ही फोन केला. आपल्या चर्चचे लेकरू आहे, घर गरीब आहे, गाडीचे हप्ते चालू आहेत, असे सांगितले. पलीकडचे अधिकारी भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “फादर, तुम्ही म्हणता म्हणून आज गाडी देतो. उद्या मला तुम्हाला फोन करायची वेळ येऊ नये.” तसा फोन आला नाही, देवाची कृपा. मुलगा आज धडधाकट आहे. परंतु त्या दिवशी आम्ही त्याला काय शिकवले? पळालास तरी चालते, मागे फादर आहेत, हेच. त्या माउलीने आमचे आभार मानले आणि आम्ही ते घेतले. आजही ते आठवले की लाज वाटते.

पोलिसांची बाजू घेऊन आम्ही हे लिहीत नाही. धावत्या गाडीचे हँडल ओढणे, आडवे येऊन काठी उगारणे, पावती न देता पैसे घेणे, हे प्रकार होतात आणि ते चूकच आहेत. त्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर आम्ही तुमच्याबरोबर येऊ. पण ते पळण्याचे कारण होऊ शकत नाही.

पवित्र शास्त्रात पळणाऱ्यांची उणीव नाही. आदाम झाडांमागे लपला. योना तर भाडे मोजून जहाजात चढला आणि परमेश्वराने सांगितलेल्या दिशेच्या उलट निघाला. त्याच्यामुळे वादळ उठले तेव्हा जहाजावरच्या परक्या खलाशांचाही जीव टांगणीला लागला, हे आपण वाचताना विसरतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात येहू नावाचा सेनापती येतो. बुरुजावरचा पहारेकरी दुरून धूळ पाहतो आणि रथ ज्या बेफामपणे हाकला जात आहे त्यावरून तो येहूच असणार हे ओळखतो. आपल्याकडेही सायलेन्सरच्या आवाजावरून कोणाचा मुलगा आला ते आयाबाया घरातूनच सांगतात! येहूच्या मागे किती रक्त सांडले ते पुढच्या अध्यायांत आहे.

ख्रिस्तसभेने या बाबतीत मौन धरलेले नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2290 व्या परिच्छेदात नशेत किंवा वेगाच्या वेडापायी रस्त्यावर स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषास पात्र ठरतो, असे सांगितले आहे. मनुष्यहत्येची मनाई करणाऱ्या पाचव्या आज्ञेच्या विवेचनातच ते आले आहे. 2007 साली व्हॅटिकनमधील स्थलांतरित व प्रवासी जनांसाठीच्या परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली तीच आहे. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी त्याची थोडी गंमत केली होती. आम्हाला मात्र पापनिवेदनाच्या जागी बसल्यावर त्या आज्ञा आठवतात. रविवारची मिस्सा चुकली, उपवास मोडला, घरात भांडण झाले, हे सर्व तिथे सांगितले जाते. दारू पिऊन लहान मुलाला टाकीवर बसवून गाडी आणली, असे आजवर कोणी सांगितल्याचे स्मरत नाही.

पालकांनी कायदा जाणून घ्यावा. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. लायसन नसलेल्याच्या हातून कोणी मेले तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे शेत जाते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी ती दोन वर्षे होती. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. त्या मुलाला सुरुवातीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर आपण सर्वांनी संताप केला. तो योग्यच होता. पण आपण आपल्या मुलाला चावी देताना त्याला साधा प्रश्नही विचारत नाही, निबंध तर दूरच.

आणखी एक गोष्ट. अपघात पाहून पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून जे निघून जातात, तेही पळणारेच आहेत. येरुशलेमहून यरिहोला जाणाऱ्या रस्त्यावर जखमी माणसाला पाहून याजक आणि लेवी कडेने निघून गेले. थांबला तो शमरोनी. त्याला कोर्टाची भीती असती तर त्यानेही कदाचित गाढव हाकले असते! आज ती भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, पुढे ते कायद्यातही आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, त्याला तिथे अडकवून ठेवता येत नाही. 108 क्रमांकाला फोन केल्यास रुग्णवाहिका येते.

पुढील रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आवारात गाड्यांच्या आशीर्वादाचा विधी होईल. गाडी आणणाऱ्याने लायसन आणि हेल्मेट बरोबर आणावे, मागे बसणाऱ्याचे हेल्मेटही. पवित्र पाणी आधी हेल्मेटवर शिंपडले जाईल, मग गाडीवर. ज्यांचे सायलेन्सर बदललेले आहेत त्यांनी शनिवारपर्यंत मेकॅनिककडे जाऊन यावे. अठरा वर्षांखालील मुलांनी त्या दिवशी पायी यावे. फाटकापाशी आम्ही स्वतः उभे राहणार आहोत. आम्हाला पाहून कोणी गाडी वळवू नये.